कैरीचे चार ग्लास

लग्नात 'सिग्नेचर कॉकटेल' ठेवायची, ही कल्पना माझ्या होणाऱ्या नवऱ्याची. तो लातूरचा, नोकरी पुण्यात. तिकडे मित्रांच्या लग्नांत त्याने पाहिलं होतं: नवरदेवाचं एक ड्रिंक, नवरीचं एक, दोघांच्या आवडीनुसार बनवलेलं, वर नाव लिहिलेली छोटी पाटी. लग्नाच्या आदल्या दिवशी लातूरबाहेरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. दोन्हीकडची माणसं येणार होती. "मोठ्यांसाठी बिनदारूचं, मित्रांसाठी दुसरं," तो म्हणाला. "तुझं तू ठरव. तुझी ओळख पाहिजे त्यात."

मी हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण आठ महिने मी त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दारू पीत असत. थोडीथोडकी नाही. भोकरजवळच्या आमच्या गावात ते साऱ्यांना माहीत होतं. माझी आधीची दोन स्थळं त्यावरूनच मोडली. लग्नाच्या चार वर्षं आधी ते दीड महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहिले आणि आल्यापासून त्यांनी एक थेंबही घेतला नव्हता. लातूरचं स्थळ आलं तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं होतं, "आता सुटलीय ना? मग कामून बोलायचं त्याचं? गप बस." मी गप्प बसले. त्यानंतर लातूरहून फोन आला की मी तो दोनदा वाजू द्यायचे आणि मग उचलायचे. कुणीतरी सांगितलं असेल, असंच पहिल्यांदा मनात यायचं.

मी नांदेडला तरोडा नाक्यापाशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. सोबत एक मैत्रीण होती, खाजगी दवाखान्यात सिस्टर. ड्रिंकचं ठरवायला तिसरा हवा होता, तो माझा शाळेतला मित्र. हैदराबादला एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये तो ड्रिंक्स बनवतो. एप्रिलमधल्या एका रविवारी तो खास त्यासाठी नांदेडला आला. बॅगेतून व्होडकाची बाटली, मापाची वाटी, लांब दांड्याचा चमचा, असं सगळं काढून त्याने माझ्या टेबलावर मांडलं.

बाटली पाहिल्याबरोबर मी उठून दाराची कडी लावली. मैत्रिणीला आबांचं माहीत होतं. ती म्हणाली, "अगं, ते तिकडं गावात आहेत. इथं कोण बघतंय?"

सकाळभर आम्ही चिंच, आलं, गुलाबाचं सरबत असं काय काय करून पाहिलं. गुलाबाचं मित्राने स्वतःच तोंडात घेतलं नि बेसिनमध्ये थुंकलं. "हे पिऊन वऱ्हाड परत जाईल," तो म्हणाला. मी हसले, तेही बऱ्याच दिवसांनी. शेवटी कैरीवर एकमत झालं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, भाजलेलं जिरं, काळं मीठ. ही माझी ओळख चालेल असं मला वाटलं. मित्राने चार ग्लास भरले. दोन साधे, दोन व्होडका घातलेले. दोन्ही सारखे लागले पाहिजेत, म्हणजे बिनदारूचं पिणाऱ्याला कमीपणा वाटणार नाही, असं त्याचं म्हणणं. दिसायला चारही अगदी एकसारखे होते. डावीकडचे दारूचे, उजवीकडचे साधे, एवढीच खूण.

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं तर आबा. खांद्यावर कैऱ्यांची पिशवी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोन दिवसांपूर्वी मीच आईला म्हणाले होते, गावाकडून कुणी येणार असेल तर थोड्या कैऱ्या पाठव. "म्हणलं मीच जातो," ते म्हणाले. "लेकीचं तोंड बी बघणं व्हईल. काय चालू हाय?"

"काही नाही आबा, लग्नातल्या सरबताचं बघून राहिलो."

माझ्या मागे मैत्रिणीने बाटली उचलून न्हाणीघरात नेली आणि ती लपवत तिथेच राहिली. मित्राने गडबडीत चारही ग्लास एका ताटलीत गोळा केले आणि टेबलाच्या कडेला सरकवले. आबा खुर्चीवर बसले. मी चहा टाकायला आत गेले आणि माझ्यामागोमाग मित्र दूध आहे का बघायला आला. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. बाहेर आले तर आबांच्या हातात रिकामा ग्लास होता.

"लई तहान लागली होती," ते म्हणाले. "पन्हं चांगलं झालंय. जिरं जरा जास्त पडलं." त्यांनी ग्लास सावकाश ताटलीत ठेवला आणि उठले. "खाली जाऊन येतो जरा. तंबाखू संपली."

"चहा घेऊन जा ना."

"आलोच."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. आम्ही तिघंही ताटलीकडे बघत उभे होतो. तीन भरलेले, एक रिकामा. मी दिवसभर लॅबमध्ये नळ्यांवर लेबलं लावायचे. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून दोनदा, तीनदा वाचायचे. आणि माझ्याच घरात चार ग्लासांवर मी साधी कागदाची चिठ्ठी लावली नव्हती.

मित्राने उरलेल्यांपैकी एक उचलून घोट घेतला. "साधं." दुसरा. "हेही साधं." तिसरा ग्लास त्याने तोंडाला लावला आणि खाली ठेवला. त्याचा चेहराच उतरला. "एकातच आहे," तो म्हणाला.

दोनात होती. म्हणजे दुसरा आबांनी प्यायला होता.

मैत्रिणीने माझा दंड धरला. "त्यांची ती गोळी चालू आहे का अजून? दारू सोडायची?"

मला माहीत नव्हतं. केंद्रातून आल्यावर आई रोज सकाळी समोर उभी राहून त्यांना ती द्यायची.

"ती पोटात असताना दारू गेली तर माणूस लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी पडतं," मैत्रीण म्हणाली. "आधी आईला विचार."

मी आईला फोन लावला. "आई, आबांची गोळी चालू आहे का गं?"

"कामून?"

"सांग तू आधी."

"दोन वर्सं झाली डॉक्टरनं बंद केली त्याला. काय झालं? आलेत ना ते तिथं?"

"आलेत. सहज विचारलं." मी फोन ठेवला. क्षणभर जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी भीती वर आली. गोळी नाही म्हणजे अडवणारंही काही नाही. चार वर्षांनी पहिला ग्लास पोटात गेलेला माणूस एकटाच रस्त्यावर उतरला आहे, खिशात पैसे आहेत आणि भर दुपारी सगळी दुकानं उघडी आहेत.

मी आबांना फोन लावला. त्यांचा फोन कैऱ्यांच्या पिशवीत वाजला.

आम्ही तिघं खाली धावलो. पानटपरीवाला म्हणाला, इथं कुणी आलं नाही. मित्र नाक्याकडे गेला, मैत्रीण घराच्या दाराशी थांबली आणि मी रिक्षा केली. वाटेत परमिट रूमची पाटी दिसली की रिक्षा थांबवायचे. पहिल्या ठिकाणी आत शिरले तेव्हा डोळ्यांना अंधारात नीट दिसेना. चार-पाच माणसांनी माना वर केल्या. एक पाठ तंतोतंत आबांसारखी होती. तो माणूस वळेपर्यंत मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तो दुसराच कुणी होता. वेटर म्हणाला, "काय पाहिजे मॅडम?" मी तशीच बाहेर आले. तशा तीन जागा पाहिल्या. चौथ्या वेळी रिक्षावाला न विचारताच म्हणाला, "ताई, स्टँडवर बघू या का? गावची माणसं तिकडंच जातात."

आबा तिथेच होते. भोकरच्या गाडीच्या फलाटावर बाकाच्या टोकाला बसले होते. हातात पाण्याची बाटली होती. घोट घ्यायचे, खळखळून चूळ भरायची, बाजूला वाकून थुंकायची, पुन्हा घोट. मी जवळ गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"आबा, चुकून झालं. माझी चूक आहे. तुम्हाला कळलं नाही ना?"

"दुसऱ्या घोटाला कळलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"कळलं, पण गिलास खाली न्हाई ठिवता आला. सगळा पिलो." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "तिथं अजून तीन होते. बसलो असतो तर दुसरा बी उचलला असता. म्हणून निघालो. तुझ्या मायजवळ चाललो."

लहानपणी मी त्यांना फार घाबरायचे. पण त्यांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या बाकावर मला ते पहिल्यांदा दिसलं, आणि माझी भीती वाढली. इतकी वर्षं मी धरून चालले होते की सुटली म्हणजे सुटली.

बस लागली. ते उठले नाहीत. "लातूरच्यांना ठाव हाय का माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सांग. आजच सांग, माय. त्या हॉलात बाटल्या असल्या तर मी काय करीन, ते मला ठाव न्हाई. अन् मी लग्नाला यायचंच न्हाई, असं बी करू नको."

मी त्यांना त्या बसने जाऊ दिलं नाही. मैत्रिणीला स्टँडवर बोलावलं, तिने त्यांची नाडी पाहिली, त्यांच्याशी गावच्या हळदीच्या भावावर बोलत बसली. मी फलाटाच्या टोकाला जाऊन लातूरला फोन लावला. माझा होणारा नवरा त्या आठवड्यात पत्रिका वाटायला घरी आला होता. पलीकडे माणसांचा कालवा ऐकू येत होता. मी म्हणाले, "बाहेर ये. एकटा." आणि सगळं सांगितलं. मधेच गाड्यांची घोषणा चालू झाली की थांबायचे आणि परत तिथून पुढे सांगायचे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आठ महिने?"

"हो."

"मला विचार करू दे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले, ते मला नीट सांगता येणार नाही. संध्याकाळच्या बसने मित्राने आबांना घरापर्यंत सोडलं आणि तिथूनच तो हैदराबादला गेला. आईचा फोन आला, "सांगितलंस? घात केलास स्वतःचा," म्हणून ती रडली. लॅबमध्ये एका बाईचं रक्त काढताना माझा हात थांबला, तेव्हा सरांनी मला काउंटरवर बसवलं. तिकडून निरोप येईल तो मध्यस्थाकडून येईल, याची मला खात्री होती. आधीच्या दोन्ही वेळा तसंच झालं होतं.

चौथ्या दिवशी तो स्वतः आला. दारातच म्हणाला, "दारूचं नाही काही. तू मला सांगितलं नाहीस, त्याचा राग आलाय. तो लवकर जाणार नाही." मग म्हणाला, "चल, गावाकडं जाऊ. मला आबांशी बोलायचंय."

आबा ओसरीत बसले होते. नमस्कार झाला, पाणी झालं. त्याने सरळच विचारलं, "हॉलमध्ये दारू नको, एवढंच ना आबा? ते मी बघतो. मित्रांना पुण्यात पार्टी देईन."

"एवढंच न्हाई," आबा म्हणाले. दाराआड उभ्या असलेल्या आईने पदर तोंडाशी धरला. "उद्या मी परत पिलो, तर त्याच्यावरून हिला बोलायचं न्हाई. तुमी बी न्हाई, तुमच्या घरचं कुणी बी न्हाई. मला काय बोलायचं ते बोला."

त्याने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "नाही बोलणार," तो म्हणाला. "घरच्यांचं मी आज कबूल करत नाही. पण मी नाही बोलणार."

लग्न झालं. त्या हॉलमध्ये दोनच ड्रिंक्स होती, कैरीचं आणि चिंचेचं, दोन्ही बिनदारूची. हैदराबादचा मित्र सुट्टी काढून आला आणि काउंटरमागे स्वतः उभा राहिला. लोकांना कैरीचं फार आवडलं म्हणतात. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी सगळा वेळ आबांचा उजवा हात बघत होते. नवऱ्याच्या एका मित्राने खिशातून काहीतरी काढून आपल्या ग्लासात ओतल्यासारखं मला वाटलं, आणि तो आबांच्या शेजारीच उभा होता. मी नऊवारी सावरत तशीच पलीकडे गेले. आबांनी माझा चेहरा पाहिला आणि आपला ग्लास माझ्या नाकाशी धरला.

"हुंग," ते हळूच म्हणाले.

नुसती कैरी होती.

आता लग्नाला दोन वर्षं होत आली. त्या दिवसानंतर आबांनी घेतलेली नाही, निदान मला माहीत आहे तेवढं. सासूबाई एकदा त्यावरून बोलल्याच. नवऱ्याने तेव्हा त्यांना थांबवलं, आणि मग आठवडाभर आम्ही दोघंही एकमेकांशी कमीच बोललो. आमच्या पुण्याच्या घरात दारू नसते. तो कधी बाहेर घेतो आणि आल्यावर स्वतःहून सांगतो.

मागच्या महिन्यात आबा डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आठ दिवस राहायला आले. आल्या आल्या हातपाय धुतले, चहा घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याखालची कपाटं एकामागून एक उघडून त्यांनी आत पाहिलं. मग फ्रिज, मग बाहेरचं शोकेस. मी मागे उभी होते. "बाटली नाही ठेवत आम्ही, आबा," मी म्हणाले.

"वरचा माळा राहिला," ते म्हणाले.

मी स्टूल आणलं आणि ते वर चढेपर्यंत घट्ट धरून ठेवलं.