कबरीचा रखवालदार ऑर्व्हिल टेंच

शिकागोच्या आमच्या रेडिओ स्टेशनवरून दर मंगळवारी भुताचं नाटक व्हायचं. त्यात किंचाळायचं काम माझं. ‘कबरीचा रखवालदार’ व्हायचा ऑर्व्हिल टेंच. पूर्वी पिओरिया गावात बुटांच्या दुकानात बायकांच्या पायांत बूट चढवणारा हा इसम रिकाम्या पिंपात तोंड घालून हसायचा, आणि अर्धं शहर दाराला कडी लावून बसायचं. घुमायचं ते पिंप; टेंचला मात्र वाटायचं, आपला गळाच दैवी आहे.

पुढे पुढे तो न्हाव्याशीही खर्जात बोलू लागला.

“मला मेलेली माणसं दिसतात, डोरिन,” सँडविच खाता खाता तो मला म्हणाला.

“मिशीला मोहरीचा सॉस लागलाय तो दिसतो का?” मी विचारलं.

मग शहरालगतच्या सिसेरोहून हाव्लिकबाईंचं त्याला बोलावणं आलं. बाई चेक वंशाच्या, विधवा. मेलेला नवरा दुपारी स्वयंपाकघरात खोकतो, एवढंच त्यांचं म्हणणं. भूत घालवायला टेंच निघाला आणि मलाही ओढून घेऊन गेला. “मी डोळे फिरवले की किंचाळ,” वाटेत त्यानं बजावलं.

बाईंनी कॉफी दिली, खसखशीचे गोड पाव दिले. तीन पाव संपवून टेंचनं डोळे मिटले आणि खर्ज लावला.

“लुडमिला... मी तुझा व्हाक्लाव... इथे फार थंडी आहे...”

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “जन्मभर घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला नाही तो. मेल्यावर शिकला होय?”

“परलोकात सगळ्या भाषा एकच असतात, बाई.”

“मग आमच्या भाषेत बोला की.”

टेंच घाम पुसू लागला. तेवढ्यात आतून खोकला आला. ओला, दमेकरी, म्हाताऱ्या माणसाचा. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. आत चूल आणि रिकामी खुर्ची, बाकी कुणी नाही. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. टेंच टेबल कलंडवून जिन्यावरून धडपडत पळाला. बाई उठल्या, आत जाऊन त्या रिकाम्या खुर्चीपुढे कॉफीचा पेला ठेवला आणि नवऱ्याशी बोलावं तसं सहज काहीतरी बोलल्या.

पुढच्या मंगळवारी टेंचनं हीच हकिगत नाटकात घातली. त्यात भूत गुडघे टेकून रडत होतं, विधवा त्याचे पाय धरत होती. टेंच ऐन रंगात आलेला असताना मागे ऑर्गन वाजवणारा माणूस खोकला. टेंचनं कागद उधळले आणि तो दाराबाहेर गेला. कार्यक्रम थेट चालू. मी कागद गोळा केले, त्याचं उरलेलं बोलणं वाचलं, पिंपात तोंड घालून हसलेही. एकाही श्रोत्यानं तक्रार केली नाही. जाहिरात देणाऱ्या साबणवाल्यांनी ते काम माझ्याकडेच ठेवलं.

टेंच पिओरियाला परतला. परलोकानं आपला आवाज काढून घेतला, असं तो तिथल्या बायकांना सांगतो. त्या हळहळतात म्हणे. हळहळू देत.