जसोदाबाईंचं प्रोसिडिंग

प्रकाशा गावच्या पाणी सोसायटीत पाण्यावरून भांडणं कमी व्हायची, ‘मागल्या सभेत ठरलं काय’ यावरूनच जास्त. तापीच्या काठी डिझेलचं इंजिन बसून दोनच हंगाम झाले होते. १९५९ साली चिटणीस गुरुजींची बदली झाली आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायला कोणी उरलं नाही. लिहिता येणाऱ्या प्रत्येकाला सभेत बोलायचं होतं. बोलणारा लिहिणार कसा?

सभा अध्यक्ष हिंमतरावांच्या ओसरीवर भरायची. त्यांची आई जमनाबाई एकदा दारातूनच म्हणाली, “मन्ही धाकली वहु लिखी. तिले लिखता येस.”

धाकटी सून म्हणजे जसोदाबाई. माहेर गुजरातेतल्या व्याऱ्याकडचं, शिक्षण गुजराती शाळेतलं. त्यामुळे तिची मराठी अक्षरं डोक्यावर रेघ न घेताच उतरायची. मग ती दुसऱ्या दिवशी, भाकरी झाल्यावर, पट्टी लावून प्रत्येक ओळीवर रेघ ओढायची आणि तेवढ्यात सगळं पुन्हा वाचून घ्यायची.

अडचण वेगळीच होती. हिंमतराव तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर तिनं आजवर तोंडातून शब्द काढला नव्हता. म्हणून ती उंबऱ्याच्या आत, डोईवर पदर ओढून बसे. मागच्या सभेचं वाचन सुरू झालं की ती सासूच्या कानात सांगे आणि जमनाबाई खणखणीत आवाजात ओसरीला ऐकवी.

पण जमनाबाईला साधं सांगणं जमेना. “धुडकू यांनी हरकत घेतली” हे जसोदाबाईनं कुजबुजलं की बाहेर ऐकू जाई, “धुडकूनी हरकत लिधी, तो नेहमीच लेस.” ओसरी हसे. धुडकू म्हणे, “आसं लिखेल शे का?” आतून सासूचा पदर ओढला जाई. “सासूबाई, एवढंच नाही का सांगता येत?” जसोदाबाई हळूच विनवी, पण तिलाही हसू आवरत नसे.

मग पाण्याच्या पाळ्यांची सभा झाली. बराच वाद होऊन ठरलं की पाणी चारीच्या, म्हणजे पाटाच्या, शेवटापासून द्यायचं. वरच्यांना आधी दिलं की खाली पोचतच नाही. शेवटचं वावर धुडकूचं, आणि इंजिनाजवळचं हिंमतरावांचं. जसोदाबाईनं शब्दन् शब्द लिहून घेतला.

पुढच्या सभेत वाचन निघालं. ठराव जमनाबाईच्या कानात पडला. आपल्या केळीचं पाणी मागे पडलेलं तिला पाहवलं नाही. ती म्हणाली, “पानी पहिले आमना वावरले.”

धुडकू उठून उभा राहिला. दोघं-तिघं बोलू लागले. जसोदाबाईनं सासूचा पदर ओढला. सासू वळली नाही. इथं गप्प बसलं तर पानावर एक आणि लोकांच्या कानात दुसरं राहील, एवढं जसोदाबाईला कळत होतं. पदर सावरून ती उंबऱ्यात उभी राहिली.

“तसं ठरलं नव्हतं,” ती म्हणाली. या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “पाणी शेवटच्या वावरापासून. सूचक हिंमतराव. अनुमोदक सुपडू.”

हिंमतरावांनी खाली पाहत सुपारी कातरली. “वहु सांगी ऱ्हायनी ते खरं शे,” ते म्हणाले. “मीच बोलनू व्हतू. आते तिलेच वाचू द्या.”

जमनाबाई आधी रागानं पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसू लागली. “मन्हा घसा बी दुखी ऱ्हायनता,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून जसोदाबाई स्वतः वाचू लागली. वाचून झाल्यावर विचारायची, “काही राहिलं का?” राहिलेलं असलं की तिथल्या तिथं दुरुस्ती व्हायची. हळूहळू लोकांनाही गोडी लागली. आपलं नाव आलं की माणूस पागोटं नीट करी. धुडकू तर कधी कधी विनाकारण अनुमोदन देई.

त्या उन्हाळ्यात चारीच्या टोकाला पाणी पोचलं, तेव्हा बायकांबरोबर जसोदाबाईही बघायला गेली. धुडकूची बायको कौसाबाई ओल्या वाफ्यात गुडघाभर रुतून उभी होती. तिनं जसोदाबाईचा हात धरून तिलाही आत ओढलं. दोघी चिखलात पाय रोवून हसत राहिल्या. काठावरून जमनाबाई मोठ्यानं म्हणाली, “हाई बी लिखजो वं, वहु.”