रिसोलतच्या नाकाचा तंदूर

"ही नान आहे की चुलीचं झाकण?" थोरले दीर तुलकिन यांनी काळीठिक्कर नान फळीवर उलटी टाकली. सासूबाईंनी ती लगेच सुलटी केली. जळली तरी नान पालथी ठेवायची नसते.

"काय करू? दाक बंद आहे बाझं," तुलकिन यांची बायको रिसोलत चोंदल्या नाकाने म्हणाली.

"दोन वर्षं बंदच आहे! विजेची भट्टी आणतो. भाजून झालं की घंटा वाजते. हा तंदूर महिनाअखेरीला फोडायचा."

"बाझा तंदूर? आधी बला फोडा!"

रिसोलत माझी जाऊ. कोकंदच्या आमच्या गल्लीत बावीस वर्षं तिची नान जाते. कणीक मी मळते. ती तंदुरात वाकून नान चिकटवते. कधी काढायची ते तिला वासावरून कळायचं. आता वाकलं की भुवयांमागे ठणकतं, डोळे गळतात आणि करपेपर्यंत पत्ता लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पीठ आणि धूर टाळा. ती नाक धुवायची, पिठापुढे फडकं बांधायची. तंदूर गॅसवरचा, मग धूर कुठला, म्हणून तेवढं आम्ही सोडून दिलं.

सासूबाईंचं निदान वेगळं. "नाकाला नजर लागलीय!" रोज पहाटे त्या पातेलीत नजर काढायच्या इसिरिक झुडपाची सुकी जुडी पेटवायच्या आणि रिसोलतच्या डोक्याभोवती ओवाळायच्या. नाक बरं होईना, म्हणून एकाच्या दोन जुड्या झाल्या. इसिरिकला आमच्यात कुणी धूर म्हणत नाही.

मग नणंदेच्या बाळाला पाळण्यात घालायचं म्हणून सासूबाई पंधरा दिवस मार्गिलानला गेल्या. धुरी त्यांच्याच हातची चालते, म्हणून पातेली खुंटीवर राहिली.

दहाव्या दिवशी मी कणीक तिंबत होते. रिसोलत एकदम ताठ उभी राहिली.

"शेजारी दूध उतू जातंय."

मी भिंतीवरून डोकावले. खरंच जात होतं!

त्या दिवशी बाईला आवरणं कठीण झालं. "तुझ्या ओढणीला जिऱ्याचा वास आहे. आणि हे, तुमचे मोजे! दोन वर्षं मी सुखात होते म्हणायची!" दीर मोजे लपवत पळाले. नान निघाली ती सोनेरी, तिळांसकट. गल्लीतल्या बायका गरमच तोडून उभ्याउभ्या खात होत्या.

सासूबाई परतल्या त्या नव्या जुड्यांचा भारा घेऊनच. "बघितलंस? तिथे बसून दुआ केली मी!" म्हणत त्यांनी पातेली पेटवली आणि एक फेरी ओवाळली.

रिसोलत शिंकली. मी मोजल्या, अकरा शिंका. बाराव्या शिंकेच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मी पातेलीकडे.

"अगं, हे औषध आहे!" सासूबाई म्हणाल्या.

"औषधच आहे, ओयी. तुमचा हात गुणाचा, त्यात वाद नाही." रिसोलतने पातेली अलगद त्यांच्या हातातून घेतली आणि अंगण ओलांडून गोठ्याच्या दारात ठेवली. परत येऊन तिने नाक पुसलं, हातमोजा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्यापासून धुरी गाईला. तंदूर इथेच राहील. भट्टी येणार नाही."