बाबांचा विंचू

मी खेडला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मज्जातंतूंचा धडा मला झोपेतही शिकवता येतो, आणि मुलं तो झोपेतच ऐकतात. फळ्यावर दरवर्षी तेच चित्र. तंतूच्या भिंतीत सोडियमची बारीक दारं, ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. लहर टोकाला पोचली की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, टोकातल्या पुड्या फुटतात आणि त्यांतलं रसायन पलीकडे निरोप पोचवतं. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी होतो. सकाळी बागेचा दगडी गडगा नीट करताना बाबांनी एक चिरा उचलला आणि खालच्या तांबड्या विंचवाने त्यांच्या बोटाला नांगी मारली. बाबांनी चिरा आधी जागेवर बसवला, मग सांगितलं.

वाडीतले विंचू उतरवणारे आजोबा आले. मंत्र पुटपुटत ते बाबांचा हात चोळायचे आणि विचारायचे, कुठवर आला? बाबांना खरं तर फारसं दुखतच नव्हतं. पण म्हातारा माणूस उन्हातून चालत आलेला, त्याचं मन कसं मोडायचं? म्हणून ते म्हणाले कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, मग उतरला. तसंही दुखतंय हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही ते जरा आखडलाय एवढंच म्हणाले होते. मी मंत्राला मनात हसलो आणि दुखत नाही ना, मग झालं, म्हणून निवांत चहा प्यायलो.

बाबांना दरदरून घाम फुटला होता. मी म्हटलं, उकाडा आहे. आईने त्यांचा हात धरून पाहिला.

"हात थंडगार पडलाय. तुजा उकाडा ठेव बाजूला, रिक्षा बोलव."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला समजावलं. या विषाने सोडियमची दारं मिटतच नाहीत, पुड्या फुटतच राहतात, अंगात अॅड्रेनॅलिनचा पूर येतो आणि हृदय थकतं. घाम, थंड हात ही त्याचीच खूण. विष अंगभर भिनलं की कधीकधी डंख दुखतही नाही. मी मान हलवत राहिलो. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला माझी लाज वाटत होती.

लस झाली, गोळी झाली. मग बाई म्हणाल्या, "पूर ओसरला की बोट दुखायला लागेल. दुखलं की मला लगेच सांगा."

म्हणजे बाबा वाचताहेत की नाही, हे बाबांच्याच तक्रारीवरून कळणार होतं. मला फार भीती वाटली. दुपारभर मी दर दहा मिनिटांनी विचारत होतो आणि ते काय नाय रे म्हणत होते.

चारच्या सुमारास त्यांनी ओठ दाबले, बोट दुसऱ्या मुठीत धरलं आणि आईकडे पाहिलं.

"ठणकतंय गो."

"ठणकू दे," आई म्हणाली आणि रडायला लागली.

बाबा गोंधळून गेले. जन्मात पहिल्यांदा तक्रार केली, तर बायको ठणकू दे म्हणते आणि मुलगा हसत डॉक्टरांकडे धावत सुटतो.