ऐकलं की अंगठा

माझ्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी, हे सांगायला मी आता लाजत नाही. सोलापूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. निम्मी मुलं सकाळी एमआयडीसीत टॉवेलांच्या घड्या घालतात, उरलेली होटगी-दुधनीकडून येणाऱ्या गाडीवर अवलंबून. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सोशल मीडिया वापरा." मला त्या फोनचा मनापासून राग. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप काढला आणि रोजचा धडा त्यावर बोलून टाकायला लागले.

नियम एकच. धडा पूर्ण ऐकला की खाली अंगठ्याचं चित्र टाकायचं, तीच हजेरी. मुलं इतकी तरबेज झाली की सुट्टीची सूचना दिली तरी अंगठे, मला बरं नाही म्हटलं तरी अंगठे.

होटगीच्या एका मुलीचा अंगठा मात्र नेहमी सगळ्यांच्या शेवटी, संध्याकाळी यायचा. एकदा वर्गात मी तिला चिमटा काढला, "महाराणींना सवड संध्याकाळीच मिळते वाटतं?"

ती उभी राहिली. "मॅडम, घरात फोन एकच हाय. अप्पा टॉवेलच्या कारखान्यात घेऊन जातेत. जेवणाच्या सुट्टीत आधी तेच धडा ऐकतेत, बाहेर पायरीवर बसून. आत मागांच्या आवाजात काय ऐकू येत न्हाय की. घरी आले की मला ऐकवतेत. मी ऐकल्याबिगर अंगठा टाकू देत न्हाईत."

वर्ग हसला, मीही हसले. त्या घरातून कॉलेजापर्यंत पोचलेली ती पहिलीच होती. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

दिवाळीनंतर तिला ताप आला. तो साधाच वाटला. मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला आणि ती गेली.

बातमी मीच ग्रुपवर सांगितली. लिहायला जमेना, म्हणून धड्यासारखी बोलून टाकली. मध्येच वाक्य तुटलं, पण पुन्हा रेकॉर्ड करायचं त्राण नव्हतं. थोड्या वेळानं पाहते तर खाली अंगठे. एकाखाली एक, रांगेनं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर गेली आणि हे हजेरी लावतात! चांगलं खरमरीत लिहायला घेतलं, आणि रांगेतला पहिला अंगठा कुणाचा ते दिसलं. तिच्याच नंबरवरून आला होता.

तिच्या वडिलांनी ऐकलं होतं. ऐकल्यावर काय करायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

लिहिलेलं सगळं मी पुसलं आणि स्टाफरूममध्ये चारचौघांसमोर रडले.

अभ्यासक्रम काही कुणासाठी थांबत नाही. मी पुन्हा धडे टाकायला लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या नंबरवरून अंगठा यायचा, आता सगळ्यांच्या आधी. जिच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं, तीच घरात उरली नव्हती.

एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तो नंबर ग्रुपमधून काढा. तिचं नाव दिसलं की मुलं दचकतात." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. वडिलांना समजावून सांगावं म्हणून मी फोन लावला. मागांचा खडखडाट ऐकू आला, मग ते बाहेर आले असावेत.

"मॅडम, नंबर काढू नका की," मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले. "मला समदं कळतंय असं न्हाय. पर तिचं वर्ष अर्ध्यात राहिलंय. परीक्षेपर्यंत तरी ठेवा."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परीक्षा झाली. मुलं एकेक करून ग्रुपमधून बाहेर पडली. दरवर्षीच पडतात, निरोपसुद्धा घेत नाहीत. शेवटी दोघंच उरलो, मी आणि तो नंबर. त्यांनी मुदत मागितली होती ती परीक्षेपर्यंतचीच, ते विसरले नसतील. पण ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं हे त्यांना येत नसावं. असल्या गोष्टी घरात ज्या मुलीला यायच्या, ती आता नाही.

नव्या मुलांचा नवा ग्रुप झाला आहे. जुना बंद करायचा तर आधी त्या नंबरवर बोट ठेवून 'काढून टाका' म्हणावं लागतं. तिथं अजून तिचंच नाव आहे. माझ्याच्यानं ते बोट ठेववत नाही.