घरजावई देवमासे

कापसाचं आणि किश्श्यांचं अगदी उलटं असतं. कापूस प्रेसमध्ये घातला की दबून एवढासा होतो, आणि किस्सा दहा तोंडांतून काढला की फुगतच जातो! अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेला एकदम आमच्या वऱ्हाडाचा पुळका आला. त्या दिवसांत मी अमरावतीला एका प्रेसमध्ये दुभाष्या होतो. साहेब बोलणार इंग्रजी, शेतकरी बोलणार वऱ्हाडी, मधे मी. दोन्हीकडच्या शिव्या मलाच! त्यामुळे किस्सेही माझ्याकडेच साठले. पण चार माणसं जमली की एकच फर्माईश, "पंत, ते देवमाशाचं होऊन जाऊ द्या!" समुद्र कुठे आणि अमरावती कुठे! पण ऐका.

*

आमचा कप्तानसाहेब मूळचा कापूसवाला नव्हेच. अर्धं आयुष्य त्यानं जहाजावर भाले घेऊन देवमासे मारण्यात घालवलेलं. कापसाला तेजी आली म्हणून जहाज सोडून बैलगाड्यांमागे धावायला लागला.

पहिल्याच दिवशी त्यानं शेतकऱ्यांना आपली ओळख सांगितली. त्यात तो 'व्हेल, व्हेल' म्हणत होता. मला त्याचं मराठी कुठलं ठाऊक? मी आपलं ठोकून दिलं, "साहेब म्हणतात, मी पूर्वी वेल धरायचो."

समोर दौलत पाटील बसले होते. मोर्शीकडचे, काळ्या जमिनीचे मालक, आणि जीभ बैल हाकायच्या तुतारीच्या आरेपेक्षा टोकदार! ते म्हणाले, "कायचा वेल? काशीफयाचा?" म्हणजे लाल भोपळ्याचा.

मी साहेबाला लांबी विचारली. "साठ फूट!"

"बापा बापा! अन् त्याले लागते काय?"

मी पुन्हा विचारलं. साहेब म्हणाला, "तेल! पिंपंच्या पिंपं!"

पाटलांनी सगळ्यांकडे वळून हाळी दिली, "अरे, साहेबाले बी मांगा रे याचं! सरकी कोण लावते आता!"

साहेबानं मला विचारलं, हे काय म्हणतात? मी म्हणालो, "सर, यांना बियाणं हवंय." तेवढ्यात मागं दोरखंडांच्या ढिगावरून एकजण ओरडला, "पंतानू, वेल नाय ओ, देवमासो!"

हा धाकू.

*

धाकू मालवणचा. आमच्याकडे दाबलेल्या कापसाच्या गठाणी बांधायच्या कामाला. त्यानं मारलेली गाठ बैल लावला तरी सुटत नसे! पूर्वी तो तांडेल होता, म्हणजे शिडाच्या गलबताचा मुख्य. एका साली ऐन पावसाळ्याच्या तोंडावर अरबस्तानच्या किनाऱ्याला त्याच्या गलबताची डोलकाठी मोडली. बरोबरचे खलाशी दुसऱ्या गलबतानं परतले, हा गलबत राखत एकटा तिथं चार महिने अडकला. परत आल्यावर मालकाला म्हणाला, "थंय पावसाळाभर रोज देवमासे बघितलंय."

बंदरावरचे साहेब हसले. असल्या ऊन समुद्रात देवमासा मुक्काम करत नाही, ही त्यांची पोथी. मालकानं निष्कर्ष काढला की हा त्या किनाऱ्यावर नव्हताच, गलबत घेऊन भलतीकडेच भटकला. गलबत गेलं, तांडेलकी गेली, आणि धाकू वऱ्हाडात दोरखंडं ओढायला आला.

"एका जाणत्या साहेबानं चिठी दिली, ह्यो खरा बोलता म्हणून, तर मालक गलबत परत देतलो," असं तो मला सांगायचा. "तोवर माका तांडेल म्हणू नकात. धाकू म्हणा."

आम्ही धाकूही म्हणत नव्हतो. आमच्यात त्याचं नाव थापाड्या!

एकदा पाटलांसमोरच मी विचारलं, "चार महिने एकटा काय करत होतास रे?" तो म्हणाला, "एक मादी पिल्लाक घेऊन रोज खडकाकडे येय. बोलाक माणूस नाय, मग तिच्याशीच बोललंय." त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढं चेष्टा केली नाही.

*

एकदा साहेब खुशीत होता. त्यानं देवमाशाचा संसार समजावून सांगितला. देवमासा जेवतो थंड समुद्रात. तिथं झिंगेच झिंगे. पोट भरलं की शेकडो कोस पोहत ऊन पाण्यात येतो, मादी तिथं विते, आणि तोवर सगळे उपाशी. मग पुन्हा थंडीकडे.

पाटील म्हणाले, "म्हंजे बायंतपण माहेरी अन् खानंपेनं सासरी? कायचं माहेर हे! आमच्या इकडे तं माहेरीच डिंकाचे लाडू!"

मग धाकूकडे वळले. "अन् तुह्ये मासे कावून जात नाईत बे?"

"थंडीतल्या फेरीकपण बघितलंय, ते बारा महिने थंयच ऱ्हवतत."

"जेवाले बी?"

"जेवाकपण."

"मंग घरजावई हायेत लेका तुह्ये देवमासे!"

अख्खं आवार खो खो हसलं. साहेबाला भाषांतर करून सांगितलं तर तोही हसला. एकटा धाकू उठून आपल्या दोरखंडांकडे गेला. मला तेव्हा वाईट वाटलं, पण हसू आवरेना, हेही खरं.

*

साहेब मात्र हट्टी. एक दिवस त्यानं धाकूला बोलावून उलटतपासणीच सुरू केली. ऊन समुद्र म्हणजे ओसाड समुद्र. तिथं देवमासा खाणार काय?

धाकू म्हणाला, पावसाळ्यात त्या किनाऱ्याला वारा असा सुटतो की उभं राहवत नाही. तो वरचं ऊन पाणी लोटत बाहेर नेतो, आणि तळातलं थंडगार पाणी वर येतं. इतकं थंड की पाय बधिर होतात! मग पाणी हिरवं पडतं. हिरव्यावर झिंगे, झिंग्यांमागे तारल्या, म्हणजे बारकी मासळी, आणि तारल्यांमागे देवमासे.

"नॉन्सेन्स!" साहेब म्हणाला. याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

पाटील तंबाखू मळत बसले होते. त्यांचा हात थांबला. "थांबा जी. खालचं वर येते?"

"व्हय."

"अन् मंग हिरवं होते?"

"व्हय!"

पाटील ताडकन उठले. "अबे, हे तं नांगरट हाय! वारा समुद्र नांगरून राह्यला! खालचं कसदार वर, वरचं बाजूले! आता साहेबाले इचारा, सेमाडोहचे गवळी ढोरं कावून हालवतात? चारा सरते म्हून! चारा सरलाच नाई, तं ढोर कायले हालन?"

तिथं बसलेला एकेक शेतकरी मान डोलवायला लागला. नांगर कोणाला शिकवायचा! मी साहेबाला सांगितलं, "सर, ते म्हणतात, वारा समुद्र नांगरतो."

साहेबानं ते वाक्य दोनदा घोळवलं. मग म्हणाला, "कविता सुरेख आहे!"

चिठ्ठी मात्र नाही.

*

दसरा झाला, नवा कापूस आला, आवारात गाड्यांची रीघ. धाकूनं सगळ्यांसमोर पुन्हा चिठ्ठी मागितली. साहेब म्हणाला, "पुरावा आण."

पाटील गाडीवरून खाली उतरले. "पंत, साहेबाले इचारा, त्यानं सोता त्या समुद्रात कधी मासा मारला का?"

"एकच. पावसाळा सरता सरता, भर समुद्रात."

"फाडला असन न? पोटात काय होतं?"

साहेबाला आठवेना. पाटील कसले सोडतात! "वही हाय न त्याची? रोजची लिवते म्हने!"

साहेबानं पेटीतून जुनी वही काढली. पानं उलटली. एका ओळीवर बोट थांबलं. प्रेसचा दांडा फिरवणारे गडीसुद्धा थांबले.

साहेबानं हळूच वाचलं. मी मात्र घसा फोडून सांगितलं, "पोट गच्च भरलेलं! झिंगे आणि तारल्या! ताज्या!"

"ऊन पान्यात उपाशी राह्यते म्हने!" पाटील गरजले. "उपाशी मानसाले ढेकर कवा आली जी?"

जो काय गलका उठला! पागोटी उडाली, बैल बिथरले. साहेबाचे कान लाल झाले, पण माणूस दिलदार. डोक्यावरची हॅट काढली, गठाणीवरच कागद ठेवला आणि लिहिलं, "हा तांडेल खरं बोलतो." खाली झोकदार सही!

धाकूनं चिठ्ठी उलटी धरून तीनदा वाचली. मला हसता हसता रडू फुटलं.

*

दुसऱ्या सकाळी गठाणींच्या गाड्या अकोल्याकडे निघायच्या होत्या. तिथून पुढं मुंबई. तांडेल त्यांच्याबरोबर निघाला. चिठ्ठी मुंडाशात खोचलेली. निरोपाला सगळं आवार जमलं.

साहेब लगबगीनं आला. हातात भला मोठा नकाशा. तो गठाणीवर पसरून म्हणाला, "कापूस पुरे झाला! मी जहाज घेतो, भाले घेतो. बारा महिने मासे असलेली खाडी! तांडेल, तेवढी जागा दाखव."

मी भाषांतर केलं. तांडेल नकाशावर वाकला. अरबस्तानचा किनारा त्याला तळहातासारखा पाठ. त्याचं बोट मस्कतवर टेकलं, किनाऱ्यानं खाली गेलं, मग समुद्र ओलांडून मुंबईला लागलं, घाट चढलं, खानदेश मागं टाकून पुढं सरकलं आणि थांबलं.

"हंयच सायबानू. अगदी हंय!"

मी वाकून अक्षरं वाचली. अमरावती!

साहेबानं तांडेलाकडे रोखून पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे. वर्धा नदीच्या पुरापलीकडे पाणी न पाहिलेली ती माणसं!

दौलत पाटील धोतर झटकत पुढं आले. "बरोब्बर हाय साहेब! तांडेल कधी खोटं नाई बोलत. मोर्शीच्या खालतं म्या सोता पाह्यला. पिल्लू बी होतं संगं!"

साहेब माझ्याकडे वळला. "हा काय म्हणतो?"

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. आणि वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "सर, मीसुद्धा तिथंच उभा होतो!"