दाशुनची सरकारी जागा

चीनमधल्या पाइशी गावच्या कुइ दाशुनचा धंदा लोकांच्या वाट्याचा मार खाण्याचा होता. श्रीमंताच्या पोराला कचेरीत बांबूचे फटके ठरले की पोरगं घरी शेंगदाणे सोलत बसे आणि दाशुन त्याच्या नावानं पालथा पडे. ओरडायचा असा, की बाहेरच्या बायका बाहीनं डोळे पुसत. हे कचेरीत न्याय देणाऱ्या वेई साहेबांना ठाऊक होतं, शिपायांना होतं, गावाला तर होतंच. दाशुनच्या बापानंही जन्मभर हेच केलं होतं.

साहेबांची एक रीत होती. आधी गरजायचे, "मुंडकं उडवा याचं!" गर्दी चिडीचूप झाली की दाढी कुरवाळत म्हणायचे, "जाऊ दे. दया येते. चाळीस फटके." मग दाशुन त्या दयेबद्दल ढसाढसा रडायचा. हे रडणं ठरल्या कामातच धरलेलं असे.

मग क्रांती झाली, बादशहा गेला, लोकराज्य आलं. पाइशीत ते एका दुपारी जेवणं उरकून आलं. कचेरीची पाटी उतरवून तिच्या पाठीवर नवं नाव रंगवलं आणि तीच उलटी टांगली. वेई साहेब गावच्या नव्या समितीचे अध्यक्ष झाले, धान्याचे व्यापारी फान शेठ उपाध्यक्ष, आणि शिपायांचा मुकादम लू पोलीसप्रमुख. आचारी तेवढा आचारीच राहिला. दाशुननं उत्साहानं सगळ्यांआधी बादशहाच्या हुकमानं राखलेली वेणी कापून घेतली आणि लूला गाठलं.

"लूदादा, सगळ्यांची सोय लागली. माझं काय?"

"तुझं खातं कुठलं म्हणायचं रे? बूडखातं?"

"हसा. पण सरकार आहे म्हणजे मार आहे. मार आहे म्हणजे मी आहे."

लूला हे पटलं. आणि लवकरच कामही निघालं. फान शेठचा पुतण्या युलिन चहाच्या दुकानात दारू ढोसून बरळला, "वसंतात बादशहा परत येतोय, वेणी कापाल तर पस्तावाल!" नेमका तेव्हा प्रांताहून एक तरुण लष्करी अधिकारी आला होता. नवी सरकारं खरंच नवी आहेत का, हे बघायचं त्याचं काम. त्यानं युलिनला उद्याच उभं करा म्हणून सांगितलं. युलिनचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं.

फान शेठ स्वतः दाशुनच्या दारात आले. "दाशुनभाऊ, हे एवढं झेल. मग कचेरीच्या दरवाज्यावर तुझी कायमची जागा. बिल्ल्यासकट."

शेठ गेल्यावर बायको लान म्हणाली, "भाऊ म्हणाला तुम्हाला. मला नाही बरं वाटत."

"अगं, सरकार नवं असलं तरी बांबू जुनाच आहे. तू मलम घोटून ठेव."

त्याच संध्याकाळी नव्या राजधानीहून, नानजिंगहून हुकूम आला: फटक्यांची शिक्षा रानटी आहे, लोकराज्यात आजपासून बंद. समितीनं टाळ्या वाजवल्या. अधिकारी म्हणाला, "छान. मग राजद्रोहाला गोळीच उरली." अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी पेल्यातल्या चहाकडे पाहिलं. दाशुनला सांगायला कुणी गेलं नाही. लू अर्ध्या वाटेवरून परतला, म्हणे पाऊस होता.

सकाळी दाशुनला युलिनचा रेशमी अंगरखा चढवला आणि मागं खोटी वेणी बांधली. जे जे विचारलं त्याला तो हो म्हणत गेला. नाव युलिन? हो. बादशहा हवा? हो. अध्यक्षांनी शिक्षा वाचली, "गोळी घालून मृत्युदंड." गर्दी चिडीचूप झाली. सगळा गाव त्याला ओळखत होता.

दाशुन दयेची वाट पाहू लागला. ती येईना, तेव्हा त्याला वाटलं, साहेब नव्या कामात बावरलेत. मदत म्हणून तो आपणच पालथा पडला आणि विजार खाली ओढली.

"उठवा त्याला," अधिकारी ओरडला. "लोकराज्यात कुणी लोटांगण घालत नाही!"

शिपायांनी उभं करून विजार बांधली आणि मागच्या भिंतीकडे नेलं. जाता जाता दाशुन मान वळवून हळूच म्हणाला, "साहेब, दया राहिली."

वेई अध्यक्षांनी दाढीकडे हात नेला. दाढी नव्या राज्यासाठी कालच काढली होती.

दुपारी फानांच्या अंगणात चांगल्या लाकडाची शवपेटी आली, कारण अधिकारी अजून गावातच होता. लानला पांढरं नेसवून युलिनची दाई म्हणून पेटीपाशी बसवलं. तिच्या तोंडून नुसताच आवाज निघत होता. लू वाकून कुजबुजला, "वहिनी, रडा, पोटभर रडा. पण नाव घ्या. तो बघतोय."

लाननं अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग पेटीवर डोकं आपटलं.

"युलिन!" ती ओरडली. "माझ्या युलिन रे!"

आतल्या खोलीतला युलिन दचकून उठला आणि नोकराला म्हणाला, "दार लोटून घे. केवढी बोंबलते ही."